विहिरीवरचा आयसोलेटर आणि केबल ग्लँड : सहा महिन्यांच्या वापरानंतर

विहिरीतल्या दीड एचपीच्या सबमर्सिबल पंपासाठी यंदा आगोटीला नवा आयसोलेटर, म्हणजे पंपाची वीज पूर्ण तोडणारा स्विच, बसवला. 32 अँपिअर, डबल पोल (फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा), आयपी66 चा प्लास्टिक डबा; आयपी म्हणजे धूळ-पाणी अडवण्याचा दर्जा. आता नोव्हेंबर सरत आलाय आणि मधे राजापूरचा अख्खा पावसाळा जाऊन झालाय, म्हणून सविस्तर लिहितो.

आधीचा डबाही आयपी65 होता. तरी झड लागली की आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारी) ट्रिप व्हायची. गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये मेन बंद करून तो उघडला, तर तळाशी बोटभर पाणी आणि न्यूट्रलच्या टर्मिनलवर हिरवा थर, पितळेच्या भांड्यात ताक कळकावं तसा. झाकणाचं रबर मात्र ठणठणीत होतं. केबल डब्याच्या माथ्यावरून आत घेतलेली, भोवती नुसतं सिलिकॉन फासलेलं. ते उन्हाने केबलपासून सुटलं आणि केबलवरून ओघळणारं पाणी थेट आत. आयपी66 च्या चाचणीत मिनिटाला 100 लिटर पाण्याचा झोत मारतात, पण तो सगळ्या वाटा बंद असलेल्या डब्यावर. आपण पाडलेलं भोक नीट बंद केलं नाही, तर त्या आकड्याला काही अर्थ उरत नाही.

म्हणून या वेळी दोन्ही केबली खालून घेतल्या आणि डब्याखाली वीतभर झोळ दिला, म्हणजे पाणी झोळाच्या तळाशीच ठिबकतं. मेनकडून येणारी गोल केबल 11 मिमीची. ग्लँड म्हणजे केबल डब्यात शिरते तिथे नट आवळून तिला रबराने घट्ट धरणारा भाग. एम20 (20 मिमी आट्यांचा) नायलॉन ग्लँड 6 ते 12 मिमी जाडीची केबल पकडतो, तिथे काम सरळ झालं. वॉशर डब्याच्या बाहेरून, लॉकनट आतून. एका ग्लँडसोबत वॉशरच नव्हता, तो वेगळा आणावा लागला. खरेदी करताना पुडी उघडून बघाच.

खरा घोळ पंपाच्या चपट्या केबलचा. एम25 ग्लँडमध्ये ती घालून नट पान्याने गच्च आवळला. डब्यात मोबाईलचा टॉर्च ठेवून खालून पाहिलं, तर केबलच्या दोन्ही कडांना चंद्रकोरीएवढा उजेड! गोल रबर चपटी केबल पकडूच शकत नाही, कितीही आवळा. आमच्याकडे बहुतेक विहिरींवर नेमकं हेच केलेलं असतं. चपट्या भोकाचं रबर वेगळं मिळतं. दुकानात नव्हतं, ऑनलाइन मागवलं, आठ दिवस लागले. ते बसवल्यावर उजेड पूर्ण बंद. या सगळ्या खटाटोपातली सर्वांत मोलाची वस्तू तीच.

सिलिकॉन वापरायचंच असेल तर व्हिनेगरसारखा वास येणारं तांब्याजवळ नको. त्यातून सुटणारं आम्ल तांबं खातं. न्यूट्रल क्युअर (वाळताना असं आम्ल न सोडणारं) लिहिलेलं घ्या.

आत वर्तमानपत्राचा तुकडा ठेवला होता. जुलैत मेन बंद करून, टेस्टर लावून उघडलं, कागद कोरडा. ऑगस्टअखेरीस मात्र दमट लागला, झाकणाला आतून घाम. ग्लँडकडे ओलीचा मागमूस नव्हता. उघडीप पडली की डबा तापतो, सर आली की एकदम गार होतो, आतली हवा आकसते आणि बाहेरची दमट हवा ओढून घेते. गणपतीत तळाला एम12 ब्रीदर प्लग (हवा जाऊ देणारं पण पाणी अडवणारं बूच) बसवला, त्यानंतर कागद कोरडाच आहे. आरसीसीबी या पावसाळ्यात एकदाही पडली नाही.

तक्रारी दोन. राखाडी ग्लँडचा नट सहा महिन्यांतच पांढुरका पडलाय, हात लावला की भुकटी येते. काळा जास्त ऊन सोसतो, बदलताना तोच घेणार. दुसरं म्हणजे रबर बसल्यामुळे ऑक्टोबरात दोन्ही नट पाव फेरा आवळावे लागले.

त्याच वेळी ब्रीदरच्या तोंडाशी कुंभारमाशीने मातीचं घर बांधायला घेतलेलं दिसलं. जुन्या टूथब्रशने काढून टाकलं. आता महिन्यातून एकदा पंपाकडे गेलो की डब्याखाली वाकून बघतो.