सालीशिवाय आलेलं तीस किलो चीज

होटगी रोडला माझं छोटं कॅफे आहे. सहा टेबलं, पास्ता, पिझ्झा आणि गिऱ्हाइकांच्या हट्टापायी शेंगा चटणी घातलेलं सँडविच. मे महिन्यात माझे ३४,५०० रुपये एकाच जिनसापायी गेले, किसून घालायच्या कडक इटालियन चीजपायी. सोलापुरात हा माल घेणारे आपण हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. मला फसवणारा विक्रेता तुमच्याकडेही येणार, म्हणून लिहितेय.

मेनूवर आपण पार्मेसान लिहितो. ज्याला खऱ्या अर्थाने ते नाव लागतं ते पार्मिजानो रेज्जानो मला पुण्या-मुंबईहून किलोला साडेतीन हजारांच्या पुढेच पडायचं. आणि ह्या विक्रेत्याचा व्हॉट्सअॅपवर भाव होता ११५० रुपये, किमान ३० किलो. म्हणे मोठ्या हॉटेलची ऑर्डर रद्द झाली, माल गोडाऊनला अडकलाय. बोलायला साखर. "ताई, आधी सॅम्पल खा, मग बोला."

सॅम्पल आलं. २०० ग्रॅमचा तुकडा, एका कडेला साल, सालीवर टिंबाटिंबांनी उमटलेली अक्षरं. दाताखाली बारीक खडे लागले, जुन्या मुरलेल्या चीजला लागतात तसे. ते सॅम्पल अस्सल होतं, आजही तेच म्हणेन. फसले ती तिथेच.

माझी गिऱ्हाइकं बरीचशी जैन आणि लिंगायत. म्हणून मी मुद्दाम विचारलं, हे व्हेज आहे ना? "शंभर टक्के प्युअर व्हेज, ताई." इथेच फोन ठेवायला हवा होता. पार्मिजानो रेज्जानोचं दूध घट्ट करतात ते वासराच्या पोटातून काढलेल्या रेनेट नावाच्या पाचकरसाने. तो त्यांच्या नियमाचाच भाग आहे, दूध, मीठ आणि हे रेनेट, चौथं काही नाही. म्हणजे अस्सल असेल तर व्हेज नाही आणि व्हेज असेल तर पार्मिजानो नाही. तो मला दोन्ही एकाच पाकिटात देत होता. आणि माझं अज्ञान असं, की त्याआधी सहा महिने मीही बिनदिक्कत पास्त्यावर किसून देत होते. त्या गिऱ्हाइकांची माफी मागून झालीय.

दुसरा हिशोब तर माझ्या घरचा. माहेर बार्शीकडचं, आम्ही डेअरीला दूध घालायचो. पार्मिजानोचं एक चाक, म्हणजे चाकाच्या आकाराचा अख्खा गोळा, साधारण ४० किलोचं असतं आणि त्याला ५०० लिटरच्या वर दूध लागतं. म्हणजे किलोमागे तेरा लिटर. आपल्याकडचा ३५ रुपये भाव धरला तरी नुसत्या दुधाचे साडेचारशे झाले. वर किमान बारा महिने फळीवर मुरवायचं, मग जहाज, आयात शुल्क, कोल्ड स्टोरेज, दोन-तीन जणांची दलाली. ११५० मध्ये बसेल का? दहावीतल्या पोरीलाही जमलं असतं हे गणित.

तीस किलो एकटीला झेपत नव्हतं. चार ओळखीचे गोळा केले. एक बेकरीवाले, एक केटरर, दोघी घरून ऑर्डर घेणाऱ्या. माझे १२ किलो, त्यांचे मिळून १८. अर्धे पैसे आगाऊ, उरलेले बिल्टीचा फोटो आल्यावर. "साल काढून पाठवतो, ताई. सालीचं वजन तुम्ही कशाला भरायचं?" मला वाटलं, किती काळजी करतोय! नंतर कळलं, इटलीत चाकं बारा महिन्यांची झाली की तपासनीस हातोडीने ठोकून बघतात. जे नापास होतं त्याच्या सालीवरची अक्षरं खरवडून टाकतात. साल म्हणजे त्या चीजचा सातबारा. तोच मी कमी वजनाच्या आनंदात सोडून दिला.

ट्रॅव्हल्सने खोकं आलं तेव्हा ऊन त्रेचाळीसच्या घरात होतं. थर्माकोलमध्ये पांढरट विटा, एक-एक किलोच्या. आमच्याकडच्या अक्काने एक वीट फोडली, बोटं एकमेकांवर घासली आणि म्हणाली, "ताई, ह्येला दुधाचा वासच न्हाई. डालडा हाय." अक्का आयुष्यभर शेंगा चटणी कुटत आलीय. उखळातली कुठली आणि मिक्सरची कुठली, ती तेल सुटलेलं बघूनच सांगते. इटालियन चीज तिने बापजन्मात खाल्लेलं नाही.

त्याला फोन केला तर म्हणे उन्हाने तेल सुटलं. तसं चांगलं चीजही उन्हात घामेजतं, त्यामुळे मी परत गप्प. मग मेडिकलमधून आयोडीन आणलं. सॅम्पलचा उरलेला तुकडा एका ताटलीत, वीट दुसऱ्या ताटलीत, दोन्हींवर दोन-दोन थेंब. सॅम्पलवर डाग तांबूसच राहिला. विटेवर काळा-निळा पडला, म्हणजे आत स्टार्च. दुधाच्या चीजमध्ये स्टार्चचं काय काम? गरम पास्त्यावर किसलं तर च्युइंगगमसारख्या तारा निघाल्या. खरं पार्मेसान असं ताणत नाही.

पाकिटावर फूड लायसन्सचा चौदा आकडी नंबर होता, २ ने सुरू होणारा. २ म्हणजे छोट्या धंद्याचं साधं रजिस्ट्रेशन. परदेशातून माल आणणाऱ्याला केंद्राचं लायसन्स लागतं आणि तो नंबर १०० ने सुरू होतो. फूड लायसन्सच्या सरकारी साइटवर, फॉसकॉसवर, नंबर टाकला तर नाव निघालं भलत्याच जिल्ह्यातल्या एका फरसाणवाल्याचं. त्या बिचाऱ्याला बहुधा पत्ताही नसेल. ही तपासणी पैसे पाठवायच्या आधी दोन मिनिटांत झाली असती.

सायबर फसवणुकीच्या १९३० हेल्पलाइनला फोन केला तो चौथ्या दिवशी, कारण तीन दिवस मी "ताई, बदलून देतो" वर विसंबले होते. पहिल्या काही तासांत कळवलं तर समोरच्या खात्यातली रक्कम अडवता येण्याची शक्यता असते. चौथ्या दिवशी नुसता तक्रार क्रमांक मिळतो. माल सरकारी तपासणीला द्यावा म्हटलं, तर गिऱ्हाइकालाही फी भरून तपासून घेता येतं, पण तसा इरादा खरेदीच्या वेळीच विक्रेत्याला सांगावा लागतो. व्हॉट्सअॅपवरच्या डीपीला काय सांगणार?

त्या चौघांचे २०,७०० मी माझ्या खिशातून परत केले. केटरर काका घेईनात, म्हणाले, "अगं, आपण सगळेच खुळे." तरी दिले. विटा जवळपास तशाच फ्रीझरमध्ये पडून आहेत, फेकायला मन होत नाही आणि कुणाला खायला घालणार?

व्हेज गिऱ्हाइकांसाठी आता भारतात बनलेलं, बुरशीपासूनच्या रेनेटचं कडक चीज वापरते आणि मेनूवर तसं लिहिते. बाकीच्यांसाठी ग्राना पादानो, पार्मिजानोच्याच जातीचं दुसरं कडक इटालियन चीज. ते किमान नऊ महिने मुरवलेलं, म्हणून जरा स्वस्त पडतं. त्यात अंड्यातला एक घटक असतो, तेही सांगते. दिवाळीआधी चाकाचा पाव भाग, साधारण दहा किलो, सालीसकट, आयातदाराच्या बिलासह मागवायचा विचार आहे. कुणाला वाटा हवा असेल तर कॅफेवर या. पाकीट सगळ्यांसमोर फोडू, सालीवरची अक्षरं वाचू, पैसे त्यानंतर. अक्कालाही बसवणार आहे.