पहिला मोटो जी आजच्या इंटरनेटवर चालतो का? चालतो, पण ब्राउझर बघून

2014 च्या फेब्रुवारीत मोटोरोलाचा मोटो जी फोन भारतात आला तेव्हा 8 जीबीवाला 12,499 ला होता, मी जरा हात सैल सोडून 16 जीबीवाला 13,999 ला घेतला होता आणि ऑफिसात सगळ्यांनी हातात घेऊन बघितला होता. मागच्या महिन्यात माळा आवरताना तोच सापडला. बॅटरी पार झोपलेली, पण दोन तास चार्जिंगला लावला आणि पठ्ठ्या उठला. आईला पेपर वाचायला आणि रेसिपी बघायला वेगळा फोन हवाच होता, म्हटलं बघू.

सुरुवातीलाच माती खाल्ली. एक साइट उघडेना, सगळीकडे लाल त्रिकोण. अर्धा तास राउटर बंद-चालू करत बसलो आणि मग दिसलं की फोन अजून 1970 सालात आहे. घड्याळ मागे आहे असं स्क्रीनवर लिहिलेलं पण होतं, वाचतो कोण. बॅटरी पूर्ण उतरली की तारीख पुसली जाते, आणि साइटच्या सर्टिफिकेटची, म्हणजे साइट खरी असल्याच्या दाखल्याची, मुदत तर तारखेवरच तपासतात. तारीख नीट केली तर बऱ्याच साइट उघडल्या. बऱ्याच, सगळ्या नाही.

कारण हा फोन अँड्रॉइड 5.1 वर थांबलाय आणि लॉलीपॉपसाठी (अँड्रॉइड 5 चं नाव) क्रोमचं शेवटचं व्हर्जन 95, म्हणजे 2021 चं. ते सर्टिफिकेट तपासायला भरवशाच्या सर्टिफिकेट देणाऱ्यांची फोनमधलीच यादी बघतं. आता लेट्स एन्क्रिप्ट म्हणून फुकट सर्टिफिकेट देणारी सेवा आहे, ब्लॉग, छोट्या साइट, ढिगाने लोक तीच वापरतात, आणि तिचं नवीन रूट, म्हणजे त्या यादीत असावं लागणारं मूळ सर्टिफिकेट, 7.1.1 च्या आधीच्या अँड्रॉइडला ठाऊकच नाही. जुन्या फोनांसाठी एक जुगाड ठेवला होता तोही सप्टेंबर 2024 मध्ये संपला. थोडक्यात फोन ठणठणीत, पण ओळखीच्या माणसांची वही जुनी. सर्टिफिकेट आपल्या हाताने टाकता येतं, मात्र मग स्क्रीन लॉक ठेवावाच लागतो आणि वर कायम नोटिफिकेशन की तुमच्या नेटवर्कवर कोणीतरी नजर ठेवून असेल. आईने ते वाचलं तर दिवसातून तीनदा फोन येईल, म्हणून तो नाद सोडला.

मग फायरफॉक्स टाकला आणि काम झालं. याची सर्टिफिकेटची यादी स्वतःची असते, फोनची वही कितीही जुनी असू दे. अँड्रॉइड 5, 6, 7 साठी 143 हे शेवटचं व्हर्जन, 2025 च्या सप्टेंबरचं, 144 पासून अँड्रॉइड 8 लागतं. म्हणजे क्रोमपेक्षा चार वर्षं पुढचा माल. त्यात यूब्लॉक ओरिजिन हे जाहिराती अडवणारं एक्स्टेंशन टाकाच, 1 जीबी रॅमच्या फोनवर जाहिरातीच सगळा जीव खातात, त्या गेल्या की बातम्यांची पानं बऱ्यापैकी सरकतात. तरी उघडायला पंधरा-वीस सेकंद जातात, आणि दुसऱ्या टॅबवर जाऊन परत आलं की पहिलं पान पुन्हा लोड होतं. फोनचीच कुवत तेवढी, त्याला ब्राउझर काय करणार. एका वेळी एकच टॅब ठेवायचा.

घाई असेल तेव्हा ओपेरा मिनी हा ब्राउझर. एक्स्ट्रीम सेव्हिंग चालू केलं की पान त्यांच्या सर्व्हरवर तयार होऊन आटोपशीर होऊन येतं, त्यामुळे रॅमचं पण टेन्शन नाही आणि सर्टिफिकेटचं पण नाही. साइटचं रूप मात्र कधीकधी ओळखू येत नाही, मेनू दाबला तर उघडतच नाही, आणि सगळं दुसऱ्याच्या सर्व्हरवरून जातं म्हणून मी तिथे पासवर्ड टाकत नाही.

बँक, यूपीआय यासाठी या फोनला हात पण लावू नका, सिक्युरिटी अपडेट बंद होऊन जमाना झाला. वाचायला मात्र मस्त, साडेचार इंची स्क्रीन अजूनही शार्प आहे, 720पी ना. आईचा सकाळचा पेपर फायरफॉक्सवर होतो, व्हिडिओ ती टीव्हीवरच बघते. मला वाचण्यापुरते पाचपैकी साडेतीन द्यावेसे वाटतात.

आणि कोणाकडे याचं मागचं कव्हर पडून असेल तर सांगा, माझं एका कोपऱ्यात तुटलंय.