सैन्याचं कोठार की पोलिसांचं? दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन शस्त्रपुरवठ्यावर काम करायचं ठरवताना

१३ जुलै १९४२. पोलंडमधल्या बिल्गोराय गावात एका मोठ्या विटांच्या शाळेत जर्मन पोलिसांचा मुक्काम होता. हॅम्बुर्गहून आलेली राखीव पोलीस बटालियन क्रमांक १०१. बहुतेक जण चाळिशीकडे झुकलेले, घरी बायकामुलं असलेले, साध्या कामधंद्यातले. पहाटेच्या अंधारात त्यांना उठवलं, प्रत्येकाला नेहमीपेक्षा जास्त काडतुसं दिली आणि ट्रकांवर दारूगोळ्याच्या जादा पेट्या चढवल्या. तीसेक किलोमीटरवर युझेफुव नावाचं गाव होतं. रात्र पडेपर्यंत तिथल्या किमान दीड हजार ज्यूंना, त्यात बायका, मुलं आणि म्हातारे, जंगलात नेऊन गोळ्या घातल्या गेल्या.

त्या जादा पेट्यांची नोंद आपल्यापर्यंत पोचली ती कोठाराच्या वहीतून नाही. ती पोचली १९६२ ते १९७२ या काळात हॅम्बुर्गच्या सरकारी वकिलांनी घेतलेल्या जबान्यांमधून. बटालियनमधल्या २१० जणांची चौकशी झाली, तेव्हा कुणीतरी ती गोष्ट सांगितली.

इतिहासात एम.ए. करणारे, जर्मन शिकलेले, महायुद्धावर लेखमाला लिहू पाहणारे अनेक मराठी वाचक शस्त्रांच्या विषयाकडे वळतात आणि पहिल्याच वळणावर अडतात: जर्मन सैन्याची पुरवठा व्यवस्था घ्यावी की पोलिसांची? दोन्हींत बंदुका त्याच, कारखानेही बरेचसे तेच. तरी काम सुरू केलं की हे दोन वेगळे विषय आहेत हे लवकरच कळतं. माझा कल कुठे आहे ते लपवत नाही: मी पोलिसांची बाजू घेईन. पण ती सगळ्यांना झेपेल असं नाही, म्हणून दोन्ही शेजारी ठेवून पाहू.

सैन्याची बाजू आखीव आहे. बर्लिनमधलं हेरेसवाफेनअम्ट, म्हणजे सैन्याचं शस्त्र कार्यालय, हे तिचं डोकं. शस्त्राचा नमुना ठरवायचा, चाचणी घ्यायची, कारखान्याला मागणी द्यायची, तयार माल तपासून ताब्यात घ्यायचा, हे सगळं तिथून. पुढे बंदुका आणि तोफा 'हेरेसत्सॉइगअम्ट' नावाच्या मोठ्या शस्त्रकोठारांत जायच्या. स्पांडाऊ, कासेल, इंगोलश्टाट अशा ठिकाणी ती होती. दारूगोळा 'मुना' या संक्षिप्त नावाने ओळखल्या जाणाऱ्या आवारांत भरला आणि साठवला जायचा. तिथून रेल्वेने आघाडीच्या डेपोत आणि मग डिव्हिजनपर्यंत. राजकारणही इथे भरपूर आहे. मार्च १९४०मध्ये फ्रित्स टोट यांच्याकडे शस्त्र आणि दारूगोळ्याचं नवं मंत्रालय गेलं, आणि त्यानंतर सुमारे तीन आठवड्यांतच शस्त्र कार्यालयाचे प्रमुख जनरल कार्ल बेकर यांनी आत्महत्या केली. आकडे, कारखाने, कच्चा माल, मंत्र्यांमधली रस्सीखेच यांत ज्याला रस आहे त्याला इथे वर्षानुवर्षं पुरेल इतकं साहित्य मिळेल.

पोलिसांची व्यवस्था त्यामानाने लहान आणि गुंतागुंतीची. १७ जून १९३६ला एसएस या नाझी पक्षाच्या सशस्त्र संघटनेचा प्रमुख हाइनरिश हिमलर साऱ्या जर्मन पोलिसांचाही प्रमुख झाला. गणवेशातले पोलीस, म्हणजे ऑर्डनुंग्सपोलित्साय, कुर्ट डालुएगे याच्या हाताखाली एकत्र आले. त्याआधी पोलीस हा प्रशिया, बव्हेरिया अशा प्रांतांचा विषय होता, त्यामुळे कोठारांत जुन्या प्रांतांची जुनी हत्यारं पडून होती. वरचा हुकूम बर्लिनच्या मुख्यालयातून निघायचा. तो प्रत्येक लष्करी विभागातल्या आणि व्याप्त देशातल्या पोलीस सेनापतीकडे यायचा. 'बेएफेल्सहाबर डेअर ऑर्डनुंग्सपोलित्साय' हे त्याचं पद. कागदावर फक्त बी-डी-ओ. त्याच्या खाली जिल्ह्याचा कमांडर, मग बटालियन, आणि शेवटी वाफेनमाइस्टर. आपल्याकडे पोलीस मुख्यालयात आर्मोरर असतो, तसाच हा माणूस. हत्यारांची देखभाल आणि दुरुस्ती त्याच्याकडे.

दोन्ही बाजूंचा फरक सगळ्यात सहज दिसतो तो शिक्क्यांत. सैन्याने ताब्यात घेतलेल्या हत्यारावर छोटा गरुड आणि खाली तपासनिसाचा आकडा असतो. वाल्टर कारखान्याच्या पिस्तुलांवर ३५९ हा आकडा सापडतो. पोलिसांचे स्वतःचे तपासनीस असायचे आणि त्यांच्या शिक्क्यात गरुडाबरोबर आकड्याऐवजी अक्षर असायचं: माउझरच्या मालावर एल, वाल्टरच्या मालावर सी. म्हणजे त्याच कारखान्यातून दोन गिऱ्हाईकं माल उचलत होती आणि प्रत्येक जण आपापली खूण उमटवत होता. शिक्क्यावरून हत्यार कुणासाठी घेतलं ते कळतं, पुढे कुणी वापरलं ते कळत नाही. शिवाय बनावट शिक्के बाजारात इतके झालेत की लिलावाच्या संकेतस्थळावरचा फोटो पुरावा म्हणून कधीच धरू नये.

पोलिसांच्या कोठारात खरोखर काय होतं हे मात्र मन लावून पाहण्यासारखं आहे. वाल्टरचं पीपी ('पोलित्साय-पिस्टोले') १९२९पासूनचं, आणि त्याच्या नावातच पोलीस आहे. त्याचा धाकटा भाऊ पीपीके साध्या वेशातल्या पोलिसांच्या सोयीचा. दोन्हींची गोळी मुख्यतः ७.६५ मिलिमीटरची, तर सैन्याच्या पिस्तुलाची ९ मिलिमीटर पॅराबेलम. साहजिकच दोन जातींची काडतुसं वेगवेगळी सांभाळावी लागत. मग मार्च १९३८मध्ये ऑस्ट्रिया गिळंकृत केल्यावर तिथल्या सैन्याची श्टायर एम १२ पिस्तुलं हाती आली. त्यांची गोळी आणखी तिसऱ्याच जातीची. त्यातल्या सुमारे ६० हजारांच्या नळ्या बदलून ती ९ मिलिमीटर पॅराबेलमला योग्य केली, बाजूला '०८' असा ठसा मारला आणि मुख्यतः पोलिसांना दिली. पुरवठा म्हणजे काय हे एका उदाहरणात समजून घ्यायचं असेल तर हे घ्या. नवं हत्यार मिळत नाही तेव्हा आयतं हाती आलेलं असं बदलायचं की त्यात आधीच साठवलेली गोळी चालेल.

कारण उघड होतं. नव्या मालावर पहिला हक्क सैन्याचा. हिमलरच्या दलांना उरलेलं, जुनं, जिंकलेलं किंवा सैन्याला नको असलेलं मिळायचं. बेर्गमानची एमपी ३५ सबमशीनगन सैन्याने आपलीशी केली नाही, म्हणून तिचं युद्धकाळातलं उत्पादन जवळपास सगळं वाफेन-एसएसकडे, म्हणजे एसएसच्या लढाऊ शाखेकडे, गेलं. पूर्वेकडे जुलै १९४१पासून स्थानिक लोकांची सहायक पोलीस दलं उभी राहिली. १९४२ संपेपर्यंत त्यात सुमारे ३ लाख माणसं होती. त्यांच्या हातात बऱ्याचदा सोव्हिएत सैन्याकडून मिळालेल्या रायफली दिल्या गेल्या. एखाद्या गावातल्या कत्तलीत पोलिसांच्या हाती कोणती बंदूक होती यावरून ती तुकडी वरच्या कोणाच्या कितपत मर्जीतली होती याचा अंदाज बांधता येतो.

आतापर्यंत दोन्ही व्यवस्था वेगळ्या ठेवून पाहिल्या. निवड करण्याआधी त्या जिथे एकमेकींत मिसळतात ती जागा ठाऊक असायलाच हवी. २८ एप्रिल १९४१ला सैन्य आणि सुरक्षा पोलीस (हिमलरची गणवेशाबाहेरची शाखा, गेस्टापो त्यातलीच) यांच्यात ठरलं की सोव्हिएत मोहिमेत जाणारी विशेष पथकं, म्हणजे पुढे ज्यूंच्या कत्तली करणारी आइन्सात्सग्रुपेन, कूच, पुरवठा आणि निवास या तीन बाबतींत सैन्याच्या अखत्यारीत राहतील, कामाचे हुकूम मात्र हिमलरच्या यंत्रणेकडून येतील. २१ मेला हिमलरने आपल्या पोलीस तुकड्यांसाठीही अशीच विभागणी जाहीर केली. म्हणजे पूर्वेकडे पोलिसांच्या पेट्रोलचा आणि भाकरीचा रस्ता सैन्याच्या डेपोतूनच जात होता. काही बटालियन तर आघाडीच्या मागचा प्रदेश ताब्यात ठेवणाऱ्या सैन्याच्या सुरक्षा डिव्हिजनखाली थेट होत्या. २७ जून १९४१ला पोलंडमधल्या बियाविस्तोकचं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, आत माणसं कोंडून पेटवणारी पोलीस बटालियन ३०९ ही २२१व्या सुरक्षा डिव्हिजनच्या हाताखाली होती.

युद्धानंतर कित्येक वर्षं सांगितलं गेलं की सैन्य लढलं आणि कत्तली फक्त हिमलरच्या माणसांनी केल्या. पुरवठ्याचा अभ्यास हा समज मुळापासून मोडतो. म्हणूनच माझा आग्रह आहे की सैन्याची बाजू निवडली तरी पोलिसांचं प्रकरण त्यात असलंच पाहिजे. ते वगळून केलेला सैनिकी पुरवठ्याचा अभ्यास मला अर्धवट वाटतो.

आता कागद. सैन्याची कागदपत्रं फ्रायबुर्गच्या लष्करी अभिलेखागारात आहेत, शस्त्र कार्यालयाची आरएच ८ या खुणेखाली. तिथे पोकळ्या आहेत. १४ एप्रिल १९४५च्या रात्री पॉट्सडामवर बॉम्ब पडले आणि सैन्याच्या अभिलेखागारातलं बरंचसं जळून गेलं. तरी इंग्रजीत इतकं छापून आलंय की जर्मन न येणाराही चांगलं काम उभं करू शकतो. पोलिसांचे कागद बर्लिनच्या लिश्टरफेल्डेमध्ये: मुख्यालयाचे आर १९ खाली, तुकड्यांचे आणि पोलीस शाळांचे आर २० खाली. अमेरिकनांनी जप्त करून सूक्ष्मपटावर घेतलेला हिमलरच्या कार्यालयाचा संग्रह टी-१७५ या क्रमांकाने मिळतो. लंडनजवळच्या क्यूमधल्या ब्रिटिश राष्ट्रीय अभिलेखागारात एचडब्ल्यू १६ खाली ब्रिटिशांनी चोरून ऐकलेले जर्मन पोलिसांचे बिनतारी संदेश आहेत. इतकं उघड बोललं जात होतं की १३ सप्टेंबर १९४१ला खुद्द डालुएगेवर ताकीद देण्याची वेळ आली: गुप्त गोष्टी, विशेषतः ठार मारलेल्यांचे आकडे, बिनतारीवरून पाठवू नका. आणि लुडविग्सबुर्गमध्ये १९५८पासून नाझी गुन्ह्यांचा तपास करणाऱ्या केंद्राचा संग्रह आहे. माणसं बोलताना ऐकायची असतील तर तो बघा.

पोलिसांचा माग असा चार-पाच ठिकाणी विखुरलेला आहे आणि त्याला जर्मन हवंच, तेही कार्यालयीन संक्षेपांनी भरलेलं. पुण्या-मुंबईच्या मॅक्सम्युलर भवनात बी २ पर्यंत पोचलेल्या माणसाला ते जमेल. सुरुवातीचे दोन महिने मात्र नुसते संक्षेप सोडवण्यात जातील. जर्मन येत नसेल आणि सहा महिन्यांत निबंध द्यायचा असेल, तर सैन्याची बाजू घ्या आणि वर सांगितलेल्या १९४१च्या करारावर एक प्रकरण ठेवा. जर्मन येत असेल आणि वर्षभर हाताशी असेल, तर पोलिसांना सोडू नका.

जर्मनीत राहणाऱ्यांनी एकच जागा पाहायची तर मी म्युन्स्टर सांगेन. तिथलं विला टेन होम्पेल हे एका सिमेंट कारखानदाराचं घर. १९४०पासून १९४४पर्यंत तिथे सहाव्या लष्करी विभागाच्या पोलीस सेनापतीचं कार्यालय होतं. पूर्वेकडे पाठवायच्या बटालियनची जुळवाजुळव त्या खोल्यांमधल्या टेबलांवर झाली. आता ते स्मृतिस्थळ आणि अभ्यासकेंद्र आहे. शस्त्रांच्या संग्रहालयात काचेमागची पिस्तुलं दिसतात. इथे ती वाटणाऱ्या कार्यालयाची जागा दिसते.

आणि घरबसल्या सुरुवात करायची असेल तर जर्मन अभिलेखागाराच्या इन्व्हेनिओ या ऑनलाइन सूचीत आर १९ उघडा आणि 'वाफेन' (Waffen, शस्त्रं) किंवा 'मुनित्सिओन' (Munition, दारूगोळा) हा शब्द शोधा. स्कॅन केलेली फाइल मिळाली की मजकूर वाचायच्या आधी शेवटच्या पानाच्या तळाशी जा. तिथे बऱ्याचदा 'फेअरटाइलर' असा शब्द आणि खाली यादी असते: या हुकुमाच्या किती प्रती निघाल्या, कोणत्या शहरातल्या कोणत्या कार्यालयाकडे गेल्या. त्या यादीतली नावं नकाशावर एकेक करून मांडत जा.