घरच्या हॉलमधला लहान मुलांचा फोटो स्टुडिओ: गोकुळाष्टमी ते रथसप्तमी वापरल्यावर

गोकुळाष्टमीच्या आधी सेटअप लावला आणि रथसप्तमी झाल्यावर काढून ठेवला, म्हणजे एक आख्खा सीझन वापर झालाय, आता नीट सांगता येईल. पुण्यात कोथरूडला २ बीएचके, हॉल साधारण १० बाय १५, आणि फोटो बहुतेक ६ महिने ते ५ वर्षांच्या मुलांचे. आधी बाळकृष्ण, मग दिवाळी, आणि खरी गर्दी संक्रांतीला बोरन्हाणाची. लाइट, सॉफ्टबॉक्स (लाइटवर चढवायचा कापडी डबा, उजेड मऊ करतो), स्टँड, फोटोत मागे लावायचे पडदे, उजेड परतवणारा रिफ्लेक्टर धरून २० हजाराच्या आसपास गेले. क्रॉप, म्हणजे छोट्या सेन्सरचा कॅमेरा आणि ५० एमएम लेन्स आधीपासून होती. आणि माझं ठाम मत झालंय की एवढ्या लहान मुलांसाठी पैसे आधी लाइटवर आणि जमिनीवर घालावेत, कॅमेरा बदलायचा विचार खूप नंतर.

जमीन म्हणजे काय ते सांगते. दीड वर्षाचं मूल स्टुलावर बसत नाही, ते खाली असतं, रांगतं, लोळतं, मध्येच पालथं पडून रडतं. फ्लॅटच्या खिडकीचा कट्टा असतो अडीच-तीन फुटांवर आणि खाली बसलेल्या बाळाचं डोकं दीड फुटावर, त्यामुळे खिडकीतला उजेड कितीही छान असला तरी तो वरून उतरतो, डोळ्यांखाली काळं येतं आणि डोळ्यांत चमक येत नाही. मी दोन गोष्टी करते, एक म्हणजे बाळाला बुटक्या दिवाणावर घ्यायचं (आई हाताच्या अंतरावर हवीच, लांबून लक्ष ठेवते वगैरे चालणार नाही), नाहीतर समोर जमिनीवर पांढरा सनबोर्ड (फोमची हलकी, कडक शीट) आडवा टाकायचा, म्हणजे उजेड खालून परत येतो. सनबोर्ड अगदी स्वस्तात येतो आणि महागड्या फाइव्ह इन वन रिफ्लेक्टरपेक्षा मी तोच जास्त वापरलाय. पडदा पण खालपर्यंत पुढे ओढून, त्यावरच मूल बसवायचं, भिंत आणि फरशीची रेघ दिसली की फोटो लगेच घरगुती वाटतो. पडद्याखाली सतरंजी घालाच, व्हिट्रिफाइड टाइल्सवर नुसता कपडा सरकतो.

लाइट ६० वॅटचा एलईडी घेतला, डेलाइटवाला, म्हणजे दिवसासारखा पांढरा, ५६०० केल्व्हिन (केल्व्हिन म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा कमी तितका पिवळट), बोवेन्स माउंटचा (सॉफ्टबॉक्स अडकवायची खाच), त्यावर ९० सेंटिमीटरचा अष्टकोनी सॉफ्टबॉक्स. फ्लॅश मुद्दाम नाही घेतला. फ्लॅश उडाला की काही मुलं दचकतात आणि मग पुढची दहा मिनिटं फोटो नाही, फक्त समजूत. सतत चालू असलेल्या लाइटची मुलांना सवय होते, दोन मिनिटांत ती विसरून जातात. मूल पळतं म्हणून शटर सेकंदाच्या १/२५० च्या खाली नेत नाही, लेन्सचं छिद्र एफ २.८, आणि लाइट चार-पाच फुटांवर असला तर आयएसओ (उजेड टिपायची कॅमेऱ्याची संवेदनशीलता) ८०० च्या आसपास भागतं. लाइट जवळ आणा हे मी प्रत्येकाला सांगते, अंतर निम्मं केलं की उजेड चौपट होतो, दुसरा लाइट घ्यायच्या आधी स्टँड दोन फूट पुढे सरकवून बघा. फक्त स्टँडच्या पायावर वजन हवंच, मी वाळूच्या पिशव्या टाकते आणि वायरी टेपने फरशीला चिकटवते, रांगणारं मूल सगळ्यात आधी वायरीकडेच जातं. लाइटचा पंखा घूं करतो, झोपलेल्या बाळांना त्याचा काही त्रास झाला नाही, पण व्हिडिओत तो आवाज येतो.

घरातली ट्यूब बंद करायची. आपली वीज ५० हर्ट्झची, जुनी ट्यूब आणि स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात, शटर १/१०० च्या वर गेलं की काही फोटोंत पट्टे येतात आणि त्वचेचा रंग पण हिरवट होतो.

आता बोरन्हाण. काळा खण, काळं मखमल, नाहीतर चंद्रकळेचं झबलं, आणि त्यावर पांढरेशुभ्र हलव्याचे दागिने. कॅमेऱ्यासाठी एवढी अवघड जोडी दुसरी नाही. ऑटोवर ठेवलं तर काळा कपडा बघून कॅमेरा फोटो उजळ करायला जातो आणि हलव्याचा काटा न काटा उडून जातो, मुकुट म्हणजे नुसता पांढरा डाग. ज्या आजीने रात्री बसून ते दागिने ओवलेत तिला तो काटा दिसला पाहिजे हो. म्हणून मॅन्युअल मोड, चेहऱ्यावर एक्स्पोजर (फोटो किती उजळ ते) सेट करायचं आणि हलव्यासाठी थोडं खाली ठेवायचं, रॉमध्ये (कॅमेऱ्याची कच्ची फाइल) काढलं की कपड्याचा काळा नंतर उचलता येतो, उडालेला पांढरा परत येत नाही. मागचा पडदा काळा किंवा गडद नको, मी रविवार पेठेतून हळदी आणि विटकरी रंगाचं सुती कापड घेतलं, त्यावर काळं उठून दिसतं. बोरं-चुरमुरे डोक्यावरून ओततात तो क्षण पकडायला १/५०० लागतं, आयएसओ १६०० किंवा थोडा वर, ग्रेन (फोटोतले बारीक दाणे) येऊ दे. आणि वर्षाच्या आतल्या बाळाच्या आसपास शेंगदाणे, बोरं, सुटा हलवा अजिबात ठेवू देत नाही, कोणी कितीही आग्रह केला तरी. त्यांच्यासाठी आधीच फोटो काढायचे, ओतायला हवेतर नुसत्या फुलांच्या पाकळ्या. मोठी मुलं दागिने चाटतात, हलवा चिकट होतो, म्हणून क्लोजअप पहिल्या पाच मिनिटांत.

पडदा रुंदीला ५ फुटी घेऊ नका, ८ फुटी घ्या. जागेचं पण बघा, ५० एमएमने उभं मूल पूर्ण घ्यायला ९ फूट मागे जावं लागतं, मागे सावली पडू नये म्हणून मूल आणि पडद्यात ४ फूट, झाला हॉल संपला. ३५ एमएमने ६ फुटांत काम होतं, छोट्या हॉलला तीच लेन्स बरोबर, मी आता तीच लावते. बोरन्हाणाला दोन्ही बाजूंनी मावश्या-आत्या वाकलेल्या असतात, तिथे मात्र ८ फूट पण पुरत नाही, भिंत दिसणारच, दिसू दे.

दिवाळीत हा लाइट कमी पडला. पणतीचा उजेड साधारण १९०० केल्व्हिन आणि लाइट ५६०० चा, दोन्ही एकत्र आले की पणती केशरी नाहीतर मूल निळं. लाइटवर केशरी जेल (रंगीत पारदर्शक कागद) लावून चालवलं, पण जेल उजेड खातं. नवीन घेणाऱ्यांनी थोडे पैसे जास्त घालून बाय-कलरच (पिवळट ते पांढरा, रंग बदलता येणारा) घ्यावा.

सीझनपुरताच का, असं बरेच जण विचारतात. एक तर हॉल घरच्यांनाही लागतो. दुसरं, आमची खिडकी दक्षिणेला, डिसेंबर-जानेवारीत सूर्य खाली कललेला असतो, ऊन थेट आत येतं, साधा पांढरा पडदा ओढला की आख्खी खिडकीच सॉफ्टबॉक्स होते. मे महिन्यात सूर्य डोक्यावर, आत ऊन येत नाही, शिवाय पंखा बंद केला तर मुलं घामाघूम आणि चालू ठेवला तर पडदा हलतो. म्हणून रथसप्तमीनंतर मी बुकिंगच घेत नाही.

ठेवताना पडदे घडी न घालता पीव्हीसी पाइपवर गुंडाळलेत, घडीच्या रेघा इस्त्रीने पण पूर्ण जात नाहीत. लेन्स आणि कॅमेरा हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत, पुण्याच्या पावसाळ्यात बुरशी धरायला वेळ लागत नाही. पुढच्या गोकुळाष्टमीआधी बाय-कलर लाइट आणि अजून एक सनबोर्ड घेणार, बाकी काही बदलत नाहीये.