जिंतूर रोडचा पंप : माप मागितलं, लगेच दिलं (५ पैकी ४ स्टार)

तीन वर्षं झाली, परभणी-जिंतूर रोडवरच्या याच पंपावर पेट्रोल टाकतोय. मधी एक महिना असा गेला की मी ह्याच पंपाबद्दल चार लोकात वाईट बोललो, त्यामुळं आता हे लिहिणं माझ्याकडं लागतंय.

माझी गाडी २०१४ ची, शंभर सीसीची. टाकी फुल करायची आन् किलोमीटर डायरीत लिहून ठेवायचे ही सवय वडिलांपासूनची. लिटरला ६० किलोमीटरच्या खाली ही गाडी कधी आली नव्हती, ती ५६ वर आली. प्लग बदलला, एअर फिल्टर बदलला, कार्बोरेटर साफ करून घेतला, तरी तेच. मेकॅनिक म्हणला भाऊ गाडीत काहीच खोट नाही, पंपावाला काटा मारायलाय. मला पटलं, आणि जो भेटंल त्याला मी तेच सांगायलो.

मग एका रविवारी सकाळी गेलो आणि सरळ म्हणलं, पाच लिटरचं माप आणा. मला वाटलं टाळतील, गर्दी हाय नंतर या म्हणतील. मॅनेजर काका एक शब्द न बोलता आतून भांडं घेऊन आले. त्याच्यावर वैधमापन खात्याचा शिक्का कुठं हाय ते आधी दाखवला, भांडं आतून पेट्रोलनं ओलं करून पालथं केलं (कोरं भांडं थोडं पेट्रोल धरून ठेवतं म्हणून), मीटरवर झिरो बघा म्हणले आणि पाच लिटर सोडलं. भांड्याच्या गळ्याला पट्टी असती, तिच्यावर १० मिली कमी दिसलं. पाच लिटरला २५ मिलीपर्यंत फरक चालतो, त्याच्यापेक्षा कमी भरलं तर तो नोझल बंद ठेवावा लागतो. म्हणजे माप बरोबर होतं. हे माप कोणतंही गिऱ्हाईक कोणत्याही पंपावर मागू शकतं, त्याला पैसे लागत नाहीत, आणि हे आपल्याकडं निम्म्या लोकाला माहीत नाही.

मग ॲव्हरेज गेलं कुठं? काकांनी खुर्ची दिली, पाणी दिलं आणि नीट बसून सांगितलं. आता पेट्रोलमधी २० टक्के इथेनॉल असतंय. इथेनॉल म्हणजे उसाच्या मळीपासून, रसापासून, मक्यापासून काढलेलं अल्कोहोल. लिटरमागं त्याच्यात ताकद पेट्रोलपेक्षा एक तृतीयांश कमी असती. मग २० टक्क्याचा एक तृतीयांश म्हणजे सहा-सात टक्के. माझ्या ६० चे सहा-सात टक्के काढा, बरोबर चार किलोमीटर येतात. डायरी घेऊन गेलतो, तिथंच हिशोब जुळला. पहिलं पेट्रोल आणि आताचं पेट्रोल ही एक वस्तूच राहिली नाही, आणि दोष मी मापाला देत बसलो. काकांची मी तिथंच माफी मागितली, आणि ज्या ज्या लोकांना बोललो होतो त्यांना परत जाऊन सांगितलं.

इथेनॉलला मी वाईट म्हणत नाही. माझा ऊस कारखान्याला जातो, कारखान्याला डिस्टिलरीतून पैसा आला तरच आमचं बिल वेळेवर निघतं. त्याचा ऑक्टेनही शंभराच्या वर हाय, म्हणजे इंजिनमधी अवेळी पेटून ठकठक होत नाही. फक्त जुन्या गाडीवाल्यांनी रबरी नळ्या, वॉशर बघून घ्यावेत, माझी एक नळी मऊ पडली होती ती बदलली.

पेट्रोल बनतं कसं तेही त्या दिवशी पहिल्यांदा कळलं, कारण तेवढ्यात टँकर आला आणि विक्री थोडा वेळ थांबवली. काका म्हणले कारखान्याची डिस्टिलरी बघितलीस ना, तसाच उंच मनोरा मुंबईला माहुलच्या रिफायनरीत असतो, फक्त लई मोठा. कच्चं तेल भट्टीत साडेतीनशे डिग्रीच्या आसपास तापवून त्या मनोऱ्यात सोडतात. जे हलकं ते वर जातं, जे जड ते खाली राहतं. सगळ्यात वर सिलेंडरचा गॅस, त्याच्या खाली पेट्रोलचा माल, मग रॉकेल, मग डिझेल, आणि बुडाला जे उरतं त्यातून रस्त्याचं डांबर. आमच्या जिंतूर रोडवर जे डांबर पडलंय ते आणि माझ्या टाकीतलं पेट्रोल एकाच तेलाचं, हे ऐकून मी बघतच राहिलो. पण नुसतं उकळून पुरेसं पेट्रोल निघत नाही, म्हणून जड तेल परत तापवून कॅटॅलिस्ट नावाच्या पदार्थाच्या मदतीनं त्याचे तुकडे करतात, आणि मनोऱ्यातून आलेल्या हलक्या मालाचा ऑक्टेन कमी असतो म्हणून त्याच्यावरही वेगळी प्रक्रिया करावी लागती. मग गंधक काढतात. १ एप्रिल २०२० पासून बीएस सिक्स (गाडीच्या धुराचा सरकारी नियम) आलं, तेव्हापासून पेट्रोलमधी गंधक दहा लाख भागात १० भागाच्या वर चालत नाही, आधी ५० चालायचं. दीडशे वर्षांमागं लोकाला दिव्यासाठी फक्त रॉकेल पाहिजे होतं आणि पेट्रोल वाया जाणारा माल होता, मोटारी आल्या तवा त्याला भाव आला. मुंबईहून पाइपलाइननं मनमाडजवळ पानेवाडीला येतं आणि तिथून टँकर आपल्याकडं. २०२४ च्या जानेवारीत टँकर ड्रायव्हर लोकांनी काम बंद ठेवलं होतं तेव्हा सगळीकडं कशा रांगा लागल्या आठवत असंल. त्या दिवशी ह्या पंपानं प्रत्येकाला दोनशेचंच दिलं, ओळखीच्याला सुद्धा फुल टाकी केली नाही, त्यामुळं शेवटच्या माणसापर्यंत पुरलं.

टँकर आला की काय करतात तेही बघण्यासारखं हाय. आधी वायरचा चिमटा लावून अर्थिंग करतात, कारण पेट्रोल नळीतून वाहताना स्थिर वीज तयार होती. मग काचेच्या उभ्या भांड्यात माल काढून हायड्रोमीटर आणि थर्मामीटर बुडवतात, तक्त्यावरून १५ डिग्रीला डेन्सिटी (ठराविक मापात वजन किती भरतं ते) किती येती ते काढून टँकरच्या चलनासंगं जुळवतात. फरक घनमीटरला ३ किलोच्या वर गेला तर तो माल संशयाचा. आजची डेन्सिटी पाटीवर लिहिलेली असती, विचारलं तर पोरं कागद आणून दाखवतात. सकाळी गार वेळेला टाकलं की जास्त येतं असं लोक म्हणतात, त्याच्यात फार दम नाही. टाकी जमिनीखाली असती, मे महिन्यात वर ४२ डिग्री असलं तरी खाली तापमान दिवसभरात फार हलत नाही.

पावसाळ्याची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. दोन वर्षांमागं दुसऱ्या एका पंपावर (नाव घेत नाही) मोठा पाऊस झाल्यावर दुसऱ्या दिवशी पेट्रोल टाकलं आणि दोन किलोमीटरवर गाडी बंद. बाटलीत काढून बघितलं तर खाली वेगळा थर. इथेनॉल पाणी ओढून घेतं, आणि पाणी जास्त झालं की दोघं मिळून पेट्रोलपासून वेगळे होऊन बुडाला बसतात, इंजिनला मग तेच जातं. बायको आणि पोरगी संगं होती, भर पावसात गाडी ढकलत आणली, ते विसरत नाही. ह्या पंपावर रोज सकाळी टाकीत घालायच्या पट्टीला पेस्ट लावून बघतात, खाली पाणी असलं की पेस्टचा रंग बदलतो. पावसाळ्यात मी स्वतः दोनदा उभं राहून बघितलं.

शेतकरी भावांसाठी एक. पेट्रोलवर चालणाऱ्या फवारणी पंपासाठी प्लास्टिकच्या बाटलीत हे लोक पेट्रोल देत नाहीत, आमच्या गावच्या एकाचं भांडण झालं त्याच्यावरून. पण बरोबर हाय ते. पेट्रोलची वाफ थंडीत सुद्धा निघती, हवेपेक्षा जड असती, जमिनीवरून सरपटत जाती आणि लांब कुठं बिडी पेटली तरी धरती. झाकणाचा लोखंडी डबा न्या, देतात. सोयाबीन-कापसाची फवारणी संपली की फवारणी पंपाची टाकी रिकामी करून इंजिन बंद पडेपर्यंत चालवा, माझा पंप चार महिने तसाच ठेवला तर कार्बोरेटरमधी डिंक बसला आणि साडेसातशे रुपये गेले.

बाकी संडास स्वच्छ, बायकांच्या बाजूला आतून कडी आणि लाइट दोन्ही चालू, लांबच्या प्रवासात ह्याची किंमत बायकांनाच कळते. प्यायचं पाणी थंड. यूपीआय चालतं. एक स्टार कापला तो हवेच्या मशीनसाठी. फुकट हवा देणं पंपाचं कामच हाय, पण संध्याकाळी सातनंतर तिथला पोरगा नसतो आणि रात्री लोणीवरून येणाऱ्या ऊसतोड लोकांच्या गाड्या चाक दाबत तशाच पुढं जातात. काकांना सांगितलंय, माणूस बघायलोय म्हणले. माणूस आला की हा पाचवा स्टार मी स्वतः येऊन देतो.