पी-बेसवर फ्लॅटवाउंड तारा: काही महिन्यांच्या गिगनंतर

फ्लॅटवाउंड, म्हणजे बाहेरून चपटी पट्टी गुंडाळलेल्या बेस गिटारच्या तारांबद्दल दोनच टोकाची मतं कानावर येतात. एक तर ‘खरा बेस म्हणजे हाच’, नाहीतर ‘मेलेल्या तारा’. दोन्ही मतं बहुतेक वेळा खोलीत एकट्याने वाजवून झालेली असतात. इथलं मत बँडमध्ये काही महिने वाजवल्यावरचं आहे: ड्रम्स, दोन गिटार, कीबोर्ड आणि गायक. बेस पॅसिव्ह (आत बॅटरीचं सर्किट नसलेला), चार तारांचा (जाडीकडून बारीककडे ई, ए, डी, जी), ३४ इंची तारलांबीचा प्रिसिजन, म्हणजेच पी-बेस. अ‍ॅम्प क्लास-डी, ४ ओहमला ५०० वॉटचा. कॅबिनेट १२ इंची एका स्पीकरचं, ८ ओहमचं, म्हणजे हातात खरे २५० ते ३०० वॉटच येतात.

निकाल आधीच सांगतो. पी-बेस आणि फ्लॅट ही जोडी मिक्समध्ये फार छान बसते, पण नुसत्या तारा बदलून ती बसत नाही. नट (मानेच्या टोकाची, तारा जिच्या खाचांत बसतात ती पट्टी), ट्रस रॉड (मानेचा वाक सांभाळणारी आतली सळई), ब्रिज (बॉडीवरचा तारांचा आधार) आणि अ‍ॅम्पचे मिड्स (मधल्या पट्ट्याचा आवाज) या चारही ठिकाणी हात घालावा लागतो. तेवढं करायचं नसेल तर राउंडवाउंडच (गोल तार गुंडाळलेल्या नेहमीच्या तारा) बऱ्या.

पहिला मुद्दा ताणाचा. राउंडवाउंडच्या वेटोळ्यांमध्ये बारीक खाचा असतात. फ्लॅटमध्ये बाहेरून चपटी पट्टी गुंडाळलेली असल्यामुळे त्या खाचा भरून निघतात. त्यामुळे त्याच जाडीच्या तारेत धातू जास्त, वजन जास्त, आणि तोच सूर मिळवायला ताणही जास्त. म्हणून पाकिटावरचे जाडीचे आकडे (इंचाचे हजारांश) राउंडशी ताडून संच घेतला तर हमखास फसगत होते. डॅडारियो क्रोम्सचा ४५-६५-८०-१०० हा संच आकड्यांनी मवाळ दिसतो, हाताला मात्र बऱ्यापैकी कडक लागतो. थोमास्टिकचा ४३-५६-७०-१०० त्याच्या उलट, अगदी सैल. बोटांखाली तार हलते, मधला टोन भरपूर येतो, पण उजव्या हाताने जोरात ओढायची सवय असेल तर तार फ्रेटवर आपटून खडखडते. ला बेलाचा ५२-७३-९५-११० म्हणजे मोटाउन या रेकॉर्ड कंपनीचा बेसवादक जेम्स जेमरसन याच्या नावाशी जोडला गेलेला जाड संच. आवाज भारदस्त, पण तीन तासांच्या कार्यक्रमात डाव्या हाताची करंगळी बोलायला लागते. रोजच्या गिगसाठी मला ४५-१००च सोयीचा वाटला. जेमरसन एका बोटाने वाजवायचा हे जाड तारांच्या मोहात पडण्याआधी लक्षात घ्यावं. त्याच्या टोनमध्ये तारांइतकाच त्या बोटाचा वाटा होता.

तारा चढवताना तीन गोष्टी बिघडतात. पहिली, लांबी. बॉल-एंडपासून नटपर्यंतचं अंतर टेपने मोजा. चपट्या पट्टीचा जाड भाग नटच्या पुढे गेला पाहिजे, पण ट्यूनिंग कीच्या दांड्यावर गुंडाळला जाता कामा नये. तिथे पट्टी उकलते. दुसरी, बॉडीच्या मागून तार ओवायचा ब्रिज. त्यात सॅडलवर (ब्रिजवरचा, तार टेकते तो सरकता तुकडा) तार जवळपास काटकोनात वळते आणि फ्लॅटची पट्टी तिथेच फाटू शकते. दोन्ही सोयी असतील तर वरून, ब्रिजच्या मागच्या भोकातूनच ओवा. तिसरी गोष्ट सर्वात महागात पडणारी: तार कापण्याआधी तिला वळण द्यायचं. जिथे कापायची तिथून थोडं अलीकडे पक्कडीने काटकोनात वाकवा आणि मग वाकाच्या पुढे कापा. सरळ तार कापली तर आतल्या गाभ्यावरून बाहेरचं वेटोळं सैल होतं आणि नवी कोरी तार पहिल्या दिवसापासून मठ्ठ वाजते. असली तार पुन्हा जिवंत होत नाही. मापाला सोपा हिशोब असा: आपल्या कीपासून साधारण ११ ते १२ सेंटीमीटर पुढे कापा, दोन ते अडीच वेटोळी खालच्या दिशेने उतरू द्या. ए तारेला वरून दाबणारा स्ट्रिंग ट्री नसेल तर तिला एक वेटोळं जास्त द्या, नाहीतर नटवरचा कोन उथळ राहतो आणि मोकळी तार सतारीसारखी झणझणते.

चढवून झाल्यावर नटच्या पुढे आणि सॅडलच्या पुढे तार अंगठ्याने हलकेच खाली दाबायची. फ्लॅट ताठ असते, आपणहून वाकत नाही. सॅडलवरून कमानीसारखी निघाली तर सूर डळमळतो आणि बाराव्या फ्रेटला इंटोनेशन (वरच्या फ्रेटवरही सूर खरा लागणं) जुळता जुळत नाही. दहा सेकंदांचं हे काम न केल्यामुळे चांगल्या तारांना नावं ठेवणारे पुष्कळ आहेत.

नटची खाच बहुधा १०५च्या तारेसाठी कापलेली असते, म्हणजे सुमारे २.६७ मिमी. ११०ची तार २.७९ मिमी. फरक केसाएवढा, पण तार खाचेत खाली बसत नाही, वर अडकून राहते. खूण अशी: ट्यून करताना ‘टिंग’ असा आवाज येऊन सूर एकदम उडी मारतो आणि पहिल्या फ्रेटवरचा एफ चढा लागतो. नटची योग्य जाडीची कानस घेऊन खाच फक्त रुंद करायची, खोल नाही. आधी पेन्सिलीचं शिसं घासून बघा. अडचण थोडीच असेल तर तेवढ्यावर भागतं.

मग ट्रस रॉड. ताण वाढला की मान पुढे वाकते. पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चाप) लावा, मान बॉडीला मिळते तिथल्या फ्रेटवर ई तार दाबा आणि आठव्या फ्रेटपाशी तार व फ्रेट यांमधली फट फीलर गेजने (पातळ पट्ट्यांच्या मापकाने) मोजा. ०.३ मिमीच्या आसपास असावी. जास्त असेल तर तारा थोड्या सैल करून ट्रस रॉडचा नट घड्याळाच्या दिशेने पाव फेरा, पुन्हा सुरात आणा, एक रात्र जाऊ द्या, पुन्हा मोजा. एका बैठकीत अर्ध्या फेऱ्याच्या वर जायचं नाही. नंतर १७व्या फ्रेटला तारांची उंची ई बाजूला २.४, जी बाजूला २ मिमी. फ्लॅट तार राउंडपेक्षा कमी झेप घेते, त्यामुळे हलक्या हाताच्या वादकाला यापेक्षाही खाली जाता येतं.

इंटोनेशनला ई तारेचं सॅडल बरंच मागे घ्यावं लागतं, आणि इथे बऱ्याच ब्रिजवर जागा संपते, कारण मागची स्प्रिंग पूर्ण दबून अडते. स्प्रिंग काढून दोन-तीन वेढे कापून परत घाला. ब्रिज बदलायची गरज नसते.

पिकअपकडे सहसा कुणी बघत नाही. १९५७पासून पी-बेसचा पिकअप दोन तुकड्यांचा आहे आणि प्रत्येक तुकड्याला स्वतंत्र स्क्रू आहेत. फ्लॅटवर ए आणि डी तारा पुढे येतात, जी मागे पडते. सुरुवातीचं माप: शेवटच्या फ्रेटवर तार दाबून ई बाजूला ३.२, जी बाजूला २.४ मिमी. त्यानंतर डी-जीचा तुकडा फक्त जी बाजूने अर्धा फेरा वर. चारही तारा एकाच जोराने वाजवून मिक्सरचं मीटर बघा, कानावर सोडू नका. कान खर्जाला फसतात.

आता टोन. मोकळ्या ई तारेचा मूळ सूर ४१.२ हर्ट्झ, पण बेसची ओळख त्यावर ठरत नाही. ती ८० ते २०० आणि पुढे ७०० ते १००० हर्ट्झच्या पट्ट्यात ठरते. फ्लॅट तारांमध्ये २-३ किलोहर्ट्झच्या वरचं फारसं काही उरत नाही. त्यामुळे स्टेजवर एक सापळा तयार होतो. बोटांचा ‘क्लँक’ ऐकू येत नाही, म्हणून वादक आवाज वाढवतो. वाढतो तो खर्ज. पोकळ लाकडी स्टेज १०० हर्ट्झच्या आसपास घुमायला लागतो, ड्रमरला किक ऐकू येईनाशी होते, साउंड इंजिनीअर हॉलमधला बेस कमी करतो आणि सगळ्यांच्या तोंडी ‘बेस गढूळ आहे’ हेच. दोष तारांवर जातो. उपाय व्हॉल्यूममध्ये नाही: १०० हर्ट्झला ३ डेसिबल कमी, ७०० ते ८०० हर्ट्झला २ ते ३ डेसिबल जास्त, ४० हर्ट्झच्या खालचं कापणारा हाय-पास फिल्टर. कॅबिनेट जमिनीवरून उचलून कानाच्या दिशेने तिरकं ठेवा. पायाकडे तोंड केलेला स्पीकर मागे बसलेल्या ड्रमरला वैताग देतो आणि वादकाला काहीच सांगत नाही. कॅबिनेटचा ट्विटर बंदच ठेवला तरी चालतो, या तारांकडे त्याला द्यायला काही नसतं.

बेसवरचा टोन नॉब पूर्ण उघडा. फ्लॅट लावून वर टोनही बंद करणं म्हणजे स्वतःच्या हाताने गिटारवाल्याला जागा मोकळी करून देणं.

डीआय (अ‍ॅम्पमधून थेट मिक्सरकडे जाणारा सिग्नल) नेहमी ईक्यूच्या (अ‍ॅम्पवरच्या टोनच्या बदलांच्या) आधीचा पाठवा. स्टेजच्या घुमण्यावर केलेली दुरुस्ती हॉलच्या स्पीकरला लागू नसते. एरवी पॅसिव्ह पिकअप साध्या पॅसिव्ह डीआयला जोडला की वरची चमक थोडी मरते, आणि लांब केबलही तेच करते. फ्लॅटवर हा फरक जवळपास कळत नाही. ठिकठिकाणच्या अनोळखी डीआय बॉक्सवर वाजवणाऱ्याला ही सोय मोठी आहे.

कंप्रेसर (मोठे ठोके दाबून पातळी सारखी ठेवणारं यंत्र) हलका हवा. फ्लॅटचा सूर ठोका देऊन पटकन उतरतो. प्रमाण ४ : १, अटॅक ३० ते ५० मिलिसेकंद, रिलीज १५०च्या आसपास, सुई ३-४ डेसिबलपेक्षा जास्त हलू नये. अटॅक ५ मिलिसेकंदांवर ठेवला की ठोकाच चिरडतो, आणि फ्लॅटमध्ये ठोका गेला तर मागे राहतं काय?

इन-इअरवर (कानात घालायच्या मॉनिटरवर) वाजवणाऱ्यांना पहिले काही कार्यक्रम जड जातील. कानात फ्लॅट बेस कापसात गुंडाळल्यासारखा येतो. मूळ सिग्नलला धक्का न लावता समांतर लाइनवर हलकं ओव्हरड्राइव्ह मिसळलं की सुरांच्या कडा दिसू लागतात. हीच युक्ती श्रोत्यांच्या फोनवरच्या चित्रफितींनाही उपयोगी पडते. एवढ्याशा स्पीकरमधून ४१ हर्ट्झ कधीच निघत नाहीत, वरचे हार्मोनिक असतील तरच बेसलाइन कळते.

कुठल्या बँडला? सोल, रेगे, ब्लूज, कंट्री, अकूस्टिक गिटारभोवतीचे बँड: डोळे झाकून. तिथे बेस आणि किक मिळून एकच ठोका ऐकू येतो. दोन डिस्टॉर्शन गिटारच्या बँडमध्ये बोटांनी वाजवलं तर बेस हरवतो, जाड पिकने ब्रिजजवळ वाजवलं तर राहतो. फ्लॅट म्हणजे जुनाट मंद आवाज असं मानणाऱ्यांनी आयर्न मेडनचा स्टीव्ह हॅरिस आठवावा. तो फ्लॅटवाउंडच वाजवतो, पण ताज्या, जाड, आणि बोटांच्या जबरदस्त जोराने. कीबोर्डवाल्याचा डावा हात खर्जात फिरत असेल तर मात्र कुठलीच तार वाचवणार नाही. त्याच्याशी बोलून घ्यावं, डावा हात एक सप्तक वर.

स्लॅपचा विषय इथेच संपतो. अंगठा मारला की ‘धप्प’ येतो, ओढलेल्या तारेचा कडाका येत नाही. कार्यक्रमात अशी चार गाणी असतील तर दुसरा बेस लागेल. लांबवलेले सूर असलेल्या संथ गाण्यांतही राउंड बाजी मारतात. पाच तारांच्या बेसवर मी फ्लॅट लावणार नाही. ३०.८७ हर्ट्झचा बी वरच्या हार्मोनिकांशिवाय नुसता जाणवतो, सूर म्हणून ओळखू येत नाही.

ब्रिजजवळ तारांखाली स्पंज लावायचा असेल तर मऊ घ्या, तारांना जेमतेम टेकेल एवढा. कडक फोम दाबून बसवला तर इंटोनेशन बिघडतं आणि ए-डी तारा आधी मरतात. पूर्वी फेंडरच्या ब्रिजवरच्या धातूच्या झाकणाखाली असा फोम बसवलेलाच येत असे.

टिकण्याच्या बाबतीत तक्रार नाही. पहिले काही आठवडे तारा चमकदार आणि किंचित चिकट लागतात, नंतर टोन स्थिरावतो आणि मग फारसा हलत नाही. मळ अडकायला खाचा नाहीत, फ्रेटही कमी झिजतात. घाम मात्र पुसावाच लागतो. राउंडसारख्या या तारा उकळायला जाऊ नका, पट्टीच्या आत शिरलेलं पाणी बाहेर येत नाही आणि गंज आतून सुरू होतो.

एक गैरसोय खरी आहे. मुरलेल्या संचात एकच नवी तार घातली की ती अगदी वेगळी ऐकू येते, पुढे कितीतरी दिवस. त्यामुळे संच बदलताना जुना फेकू नका. उतरवताना ट्यूनिंग कीचा वाक सरळ न करता तारा तशाच सैल गोल गुंडाळून नावाच्या चिठ्ठीसह बॅगेत ठेवा. मध्यंतरात तार तुटलीच तर मुरलेली तार तयार असते. मात्र ती त्याच बेसवर, त्याच कीवर, त्याच वाकाने चढवायची. दुसऱ्या जागी वाकवायला गेलात तर जुन्या वाकापाशीच तुटते.