पॉइंट काढून सीडीआय बसवलं: नऊ महिन्यांचा अनुभव

माझी गाडी जुनी, एका सिलिंडरची टू-स्ट्रोक. नऊ महिन्यांपूर्वी तिचे पॉइंट (उघडझाप करून ठिणगी पाडणारा यांत्रिक स्विच) आणि कंडेन्सर काढून सीडीआयचा (कपॅसिटर डिस्चार्ज इग्निशन, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पद्धतीने ठिणगी पाडणारा) पूर्ण संच बसवला: नवं मॅग्नेट, कॉइलची प्लेट, इलेक्ट्रॉनिक भागांचा काळा डबा आणि प्लगला हजारो व्होल्ट देणारी एचटी कॉइल. तेव्हापासून गाडी रोज चालते आहे. संच चांगला आहे, पुन्हा घ्यायची वेळ आली तर हाच घेईन. पण 'बसवा आणि विसरून जा' असं जे सांगतात ते खरं नाही. पाचव्या महिन्यात रस्त्याच्या कडेला गाडीजवळ उभं राहून मला ते कळलं.

पॉइंटांनी वर्षानुवर्षं साथ दिली, त्यांच्यावर माझा राग नाही. पॉइंट उघडले की कॉइलमधला प्रवाह तुटतो, चुंबकीय क्षेत्र कोसळतं आणि बारीक तारेच्या वेढ्यांत हजारो व्होल्ट तयार होतात. टू-स्ट्रोकला दर फेरीला ठिणगी लागते, म्हणजे ६००० आरपीएमला पॉइंट सेकंदाला १०० वेळा उघडतात-मिटतात. कॅमवर घासणारी टाच झिजते, गॅप कमी होते, पॉइंट उशिरा उघडतात आणि टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, मागे पडतं. हे इतकं सावकाश होतं की मरगळलेल्या गाडीची आपल्याला सवयच होऊन जाते.

सीडीआयमध्ये घासणारं काहीच नाही. मॅग्नेट फिरलं की सोर्स कॉइलमध्ये शंभरापासून चारशेपर्यंत व्होल्ट निघतात. डायोड ते एकाच दिशेने सोडतो आणि डब्यातला कपॅसिटर भरतो. मॅग्नेटवरचा उंचवटा पल्सर कॉइलसमोरून गेला की एक छोटी पल्स येते. तिने एससीआर हा इलेक्ट्रॉनिक स्विच सुरू होतो आणि भरलेला कपॅसिटर एका झटक्यात एचटी कॉइलमध्ये रिकामा होतो. पॉइंटच्या पद्धतीत ऊर्जा कॉइल साठवते. इथे ती कपॅसिटर साठवतो, कॉइल फक्त व्होल्टेज वाढवते. हा एक फरक डोक्यात बसला आणि माझा बराच गोंधळ संपला. व्होल्टेज इतक्या झपाट्याने चढतं की तेलकट काजळी धरलेल्या प्लगवरून ते गळून जायच्या आत ठिणगी पडलेली असते. कावासाकीने १९६९ साली ५०० सीसीच्या तीन सिलिंडर टू-स्ट्रोक 'एच१'ला सीडीआय दिलं होतं. टू-स्ट्रोकची ही प्लगची दुखणी पाहिली की त्यामागचा विचार पटतो.

माझ्या गाडीवर सगळ्यात मोठा फरक ठिणगीसोबत चमकणाऱ्या स्ट्रोब लाइटखाली दिसला. पूर्वी टायमिंगची खूण थरथरायची, आता जागेवर उभी राहते. ६००० आरपीएमला एक अंश म्हणजे जेमतेम २८ मायक्रोसेकंद, त्यामुळे एवढ्याशा थरथरीलाही किंमत आहे. प्लग नऊ महिन्यांत दोनदाच काढून साफ केला. वरच्या आरपीएमला होणारं मिसिंग (मधूनच ठिणगी चुकणं) गेलं. ॲव्हरेज मात्र होतं तेवढंच आहे.

आता न आवडलेलं. थंड इंजिन आयडलिंगला पूर्वीपेक्षा अडखळतं. पॉइंटची ठिणगी मिलिसेकंदभर तरी टिकायची, ही त्याच्या दहाव्या हिश्श्याइतकीही टिकत नसावी. प्लगची गॅप ०.५ वरून ०.६ मिमी केली, आयडलचं मिश्रण किंचित घट्ट (पेट्रोल थोडं जास्त) केलं, तेव्हा बरीच सुधारणा झाली. शिवाय किक मनापासून मारावी लागते. मॅग्नेट पुरेशा वेगाने फिरलं नाही तर कपॅसिटर भरतच नाही.

दुसऱ्या महिन्यात एके सकाळी करंट गायब. डबाच गेला असं वाटलं. दोष निघाला किल स्विचच्या वायरचा, हँडलजवळ घासून ती फ्रेमला टेकली होती. या पद्धतीत गाडी बंद करायला सोर्स कॉइल अर्थ करतात, म्हणून ही वायर कुठेही टेकली की ठिणगी नाही. करंट नसेल तर पहिल्यांदा ही वायर सोडवून किक मारा.

पाचव्या महिन्यातला दोष खरा छळणारा होता. अर्धा तास चालली की गाडी बंद, वीस मिनिटं थांबलं की एका किकमध्ये सुरू. कार्ब्युरेटर उघडला, पेट्रोलच्या टाकीच्या झाकणाचं भोक तपासलं, प्लग बदलला. मेकॅनिकने नवा डबा लावून पाहिला, तरी तेच. शेवटी मल्टिमीटर सोबत घेऊन निघालो आणि गाडी बंद पडली तिथेच मोजमाप केलं. सोर्स कॉइल ठीक. पल्सर कॉइल घरी थंड असताना २१० ओहम दाखवत होती, आता मीटर काहीच दाखवेना. आतली केसाएवढी तार कुठेतरी तुटली होती. थंड असताना टोकं टेकायची, तापली की फाकायची. नवी पल्सर कॉइल बसवली, समोरच्या उंचवट्यापासूनचं अंतर जुळवलं, आणि त्यानंतर गाडी एकदाही वाटेत थांबलेली नाही.

म्हणून संच बसवलात की त्याच दिवशी दोन्ही कॉइलचे ओहम थंड आणि गरम असे मोजून लिहून ठेवा. माझ्याकडे गरम असतानाचा आकडा नव्हता, त्यात तीन आठवडे गेले. मॅग्नेट काढताना पुलरच (ओढून काढायचं अवजार) वापरा, हातोडीच्या दणक्याने चुंबकाची ताकद उतरते. आणि ठिणगी बघायची असेल तर प्लग कॅपमध्ये घालून इंजिनला टेकवा. वायर मोकळी ठेवून किक मारली तर एचटी कॉइल आतून फुटू शकते.

पॉइंटची जुनी प्लेट पुसून, ग्रीस लावून ठेवली आहे. मॅग्नेटसकट ती परत बसवायला मला दोन तास पुरतील.